कोरडा सभासद

मी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन आहे आणि मला पोहता येत नाही. ही दोन्ही वाक्यं मी एका दमात सांगून टाकतो, कारण पहिलं ऐकलं की लोक दुसरं विचारतातच, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते मला आता पाठ झालं आहे.

काम तसं साधं आहे. पहाटे उठायचं, माझ्या छातीला लागेल एवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची आणि फिरवायची. नळाला पाणी आलं की लोक अंघोळीला जातात. माझं नाव कुणाला ठाऊक नाही, पण मी दहा मिनिटं उशिरा गेलो तर निम्मं गाव मला शिव्या घालतं, त्यामुळे आपण कोणीतरी आहोत असं वाटत राहतं.

आमच्या जुन्या भागातले व्हॉल्व्ह मात्र उलटे आहेत. कुणी बसवले देव जाणे, पण ते उजवीकडे फिरवले की उघडतात आणि डावीकडे फिरवले की बंद होतात. दाब राहावा म्हणून रात्री थोडे उघडे ठेवायचे, पहाटे उजवीकडे पूर्ण उघडायचे, आणि अडकून बसू नयेत म्हणून शेवटी अर्धा फेरा मागे घ्यायचा. नवा माणूस भरती झाला की सहा महिने घोळ घालतो. माझा हात एकतीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. निरोप समारंभात हेच एक वाक्य माझ्याबद्दल बोलण्यासारखं असेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

आमची ही इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. ऑपरेशनच्या आधी ऑक्सिजनचे सिलिंडर, नळ्या, मीटर सगळं तपासून ठेवायचं काम तिचं. वर्षानुवर्षं उभं राहून तिची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, पोहायला जा. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ती पोहायला गेली, तीन महिन्यांत माशासारखी पोहायला लागली, आणि एका रविवारी घरी येऊन म्हणाली, "अहो, तलावाच्या तळाशी माणसं बसलेली असतात."

मी म्हटलं, "मग वाचवलं का कुणी त्यांना?"

तो पाणबुड्यांचा क्लब होता. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, पायात फिन्स, अशी चौदा माणसं दर रविवारी तलावाच्या खोल बाजूला बुडी मारून बसायची. क्लबचे प्रमुख भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत. आयुष्यभर त्यांनी समुद्र नकाशावर दाखवला आणि पेन्शन सुरू झाल्यावर तो आतून बघायला गेले. सिलिंडरमध्ये हवा भरायचं काम टायरच्या दुकानवाल्या भाऊंकडे होतं. आणि हिचा जोडीदार म्हणून नेमले गेले आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं, प्रत्येकाला एक जोडीदार असतो. "तुमच्या बायकोला दुसरा जोडीदार मिळाला म्हणे," असं खात्यातल्या लोकांनी मला वर्षभर ऐकवलं.

मीही प्रयत्न केला नाही असं नाही. नवऱ्याने बायकोच्या छंदात सहभागी व्हावं, असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. सरांनी मला उथळ बाजूला नेलं, सगळं सामान चढवलं आणि म्हणाले, "गुडघ्यावर बसा आणि शांतपणे श्वास घ्या." मी बसलो. एक श्वास घेतला. दुसऱ्या श्वासाला मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आईवडील उभे राहिले. मी उठून "वाचवा" म्हणून ओरडलो तेव्हा पाणी माझ्या कमरेला लागत होतं. शेजारी गुडघेदुखीचे व्यायाम करणाऱ्या एका आजीबाईंनी मला हात धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. वर "सवय होईल हो बाळ" असंही म्हणाल्या.

त्या दिवशी सरांनी वहीत माझ्या नावापुढे 'कोरडे सभासद' असं लिहिलं आणि क्लबात माझं नावच कोरडे पडलं. पुढे एका नव्या सभासदाने वाढदिवसाचं आमंत्रण 'श्री. व सौ. कोरडे' असं घालून पाठवलं. सौ. कोरडे तेव्हा आठवड्यातून तीन दिवस ओल्याच असायच्या, पण त्यांनी काही ते दुरुस्त केलं नाही.

कोरड्या सभासदाला कामं भरपूर असतात. कोण किती वाजता खाली गेलं, किती वाजता वर आलं हे फळ्यावर लिहायचं. टॉवेल सांभाळायचे. थर्मासमधला चहा ओतायचा. कुणी वर येऊन "काय दिसलं माहीत आहे का" असं सुरू केलं की "काय" म्हणायचं. क्लब वर्षातून एकदा गावाबाहेरच्या पाणी भरलेल्या दगडखाणीत साफसफाईला जायचा. मागच्या खेपेला त्यांनी तळातून एकवीस चष्मे, एक सायकल आणि एक कवळी वर काढली. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि "हे काम माझं नाही" एवढं म्हणून परत दिली. मी ती कवळी काळजीपूर्वक फळ्यावर मांडली, वर आल्याची वेळ लिहिली आणि खाली गेल्याच्या वेळेपुढे प्रश्नचिन्ह घातलं.

सरांचा एक नियम होता आणि तो ते प्रत्येक खेपेला बजावायचे. पाण्यात उतरण्याआधी दोन्ही जोडीदारांनी एकमेकांचं सामान तपासायचं. हवा उघडी आहे ना, पट्टे घट्ट आहेत ना, हवेचं मीटर नीट आहे ना. "आणि तपासणी झाली," सर एक बोट वर करून म्हणायचे, "की तिसऱ्याचा हात नको. मग तो कितीही हुशार असो." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नसत, कारण हुशार म्हटल्यावर मी त्यांना आठवतच नसे.

हिच्या शिक्षणातली शेवटची, समुद्रातली बुडी ठरली. ती पार पडली की तिला प्रमाणपत्र मिळणार होतं. समुद्रात एक जुनी मालवाहू बोट बुडालेली होती, तिच्यापर्यंत अठरा मीटर खाली जायचं आणि पस्तीस मिनिटांनी वर यायचं. आदल्या आठवड्यापासून ही गुणगुणत होती आणि मी मीटरांचे मजले करून बघत होतो. अठरा मीटर म्हणजे सहा मजली इमारत. आमच्या पाण्याची टाकीसुद्धा एवढी उंच नाही, आणि त्या टाकीवर चढताना मी डोळे मिटतो.

आमची बोट किनाऱ्यापासून सुटली आणि पहिल्या दहा मिनिटांतच मी सकाळचा चहा समुद्राला अर्पण केला. बाकीचे लोक कपडे चढवत होते. हिने आणि डॉक्टरांनी एकमेकांची तपासणी केली. ही तर रोज सकाळी तेच करते. तिने मीटर बघितलं, नळीतून श्वास घेऊन पाहिला, डॉक्टरांनी मागून व्हॉल्व्हला हात लावून पाहिला. दोघांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून सगळं ठीक असल्याची खूण केली. मग ही बोटीच्या काठावर माझ्याकडे पाठ करून बसली. सर म्हणाले, "दोन मिनिटांत उतरायचं."

तिच्या पाठीवरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर होता.

आता हे कसं सांगावं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माणूस आपल्याला जे येतं ते करतो. मला जगात एकच गोष्ट येते. घरचा नळ मी इतरांसारखाच डावीकडे उघडतो, पण तो गृहस्थ म्हणून. व्हॉल्व्ह समोर आला की मी व्हॉल्व्हमन होतो. माझे हात शिवशिवायला लागले. म्हटलं, एकदा नुसतं बघू. मी त्याची मूठ धरली आणि उजवीकडे फिरवली. तर ती फिरली. एक नाही, चांगले दोन-अडीच फेरे फिरली.

मी मनात म्हटलं, बघा. एवढा बंद राहिला होता. दातांच्या डॉक्टरांना काय कळतंय व्हॉल्व्हमधलं. पार टोकापर्यंत नेला, रीतीप्रमाणे अर्धा फेरा मागे घेतला आणि हात पुसले. डॉक्टरांना सगळ्यांदेखत बोल लागू नये म्हणून मी हे कुणाला सांगितलंही नाही. त्या क्षणी मी स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होतो, हे मला अजून आठवतं आणि अजून कानशिलं तापतात.

ही मागे झुकली आणि पाण्यात गेली. मी फळ्यावर वेळ लिहिली, नऊ वाजून बारा.

चार मिनिटं झाली. मी आणि भाऊ दोघंच वर राहिलो होतो, बोट चालवणारा त्याच्या खोपटात रेडिओ ऐकत होता. गरज पडली तर असावा म्हणून भाऊंनी जादा सिलिंडर पुढे ओढला आणि त्याचा व्हॉल्व्ह उघडला. त्यांचा हात डावीकडे फिरला.

मी म्हटलं, "भाऊ, उलटं फिरवताय."

भाऊ मान वर न करता म्हणाले, "उलटं कसलं? डावीकडेच उघडतं. जगात सगळीकडे डावीकडेच उघडतं. उलटं तुमच्या जुन्या भागात."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हातातला खडू खाली पडला आणि घरंगळत भाऊंच्या पायापाशी गेला. अर्धा फेरा. मी तिला अर्धा फेरा हवा देऊन सहा मजले खाली पाठवलं होतं. वर असताना तेवढी पुरते, पण खोल गेलं की श्वासाला जास्त हवा लागते, हे सरांनी तीनदा शिकवलं होतं आणि तिन्ही वेळा मी टॉवेलांच्या घड्या घालत होतो. मी काठावर जाऊन खाली बघितलं. बुडबुडे येत होते. कुठले कुणाचे ते कसं कळणार? उडी मारावी असं वाटलं. मी उडी मारली असती तर क्लबला आणखी एक वस्तू तळातून वर काढावी लागली असती, एवढाच त्याचा उपयोग.

"वर बोलवा," मी म्हटलं. "सगळ्यांना वर बोलवा."

भाऊंनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता पाना उचलून बोटीच्या लोखंडी शिडीवर पाण्याखाली ठोकायला सुरुवात केली. तीन ठोके, मग थांबायचं, पुन्हा तीन ठोके. म्हणजे जिथे असाल तिथून सावकाश वर या. सावकाशच यावं लागतं, वाटेत थांबत. त्या सहा-सात मिनिटांत मी जेवढे नवस बोललो तेवढे फेडायला मला आणखी दोन जन्म लागतील.

सगळ्यात आधी तिचंच डोकं वर आलं. तिने नळी काढली आणि म्हणाली, "काय झालं? कुणाला लागलं का?"

माझा जीव भांड्यात पडला. ती धडधाकट होती. सांगण्यासारखं विशेष काही घडलंच नव्हतं. बारा मीटरवर तिला श्वास जड वाटला, तिने मीटरकडे पाहिलं तर प्रत्येक श्वासाला काटा खाली पडत होता. तिने डॉक्टरांना खूण केली, डॉक्टरांनी मागे हात घालून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, दहा सेकंदांत सगळं मार्गी लागलं आणि दोघं पुढे निघाले. बुडालेली बोट नुकती दिसायला लागली होती, तोच ठोके ऐकू आले. सहा जणांची बुडी वाया गेली होती आणि तिचं प्रमाणपत्र महिनाभर पुढे गेलं होतं.

सर वर चढून म्हणाले, "ठोके का दिले?"

भाऊ म्हणाले, "यांना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला... बुडबुडे कमी दिसले. घाबरलो."

लोक हसले. कोरडे घाबरले, यात कुणाला नवल वाटणार? माझ्या भित्रेपणाची ख्याती अशी एकदा तरी कामाला आली. मग डॉक्टर म्हणाले, "व्हॉल्व्हची चूक माझी आहे. तपासताना माझ्या हातून अर्धा राहिला असणार." आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो.

धक्क्याला परत यायला चाळीस मिनिटं लागली. भाऊ दोर गुंडाळत होते आणि तोच दोर पुन्हा सोडून परत गुंडाळत होते. ही केस पुसत समोर बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. ऑपरेशन चालू असताना मीटरकडे बघतात तसं. तिला सगळं माहीत होतं. उतरण्याआधी पाठीवर काहीतरी हललेलं तिला कळलं होतं, आणि तिच्या मागे मी सोडून कुणी नव्हतं. तिने तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. ती थांबली होती.

मला भीती कशाची वाटत होती तेही सांगतो. क्लबातून काढतील याची नाही. एकतीस वर्षांत ज्या एका गोष्टीत मी चुकलो नाही, तीच गोष्ट मी माझ्या बायकोच्या पाठीवर चुकलो होतो. हे मोठ्याने बोललं की माझ्याकडे माझं म्हणून काही उरणार नव्हतं.

धक्क्यावर सर एका उलट्या खोक्यावर बसले आणि वही काढली. क्लबात प्रत्येक घोटाळ्याची नोंद होते, आणि शेवटचा रकाना कारणाचा असतो. डॉक्टर म्हणाले, "लिहा, तपासणीत माझी चूक."

"मग सहा महिने तुम्ही कुणाचे जोडीदार नाही," सर म्हणाले. "नियम आहे."

"मान्य," डॉक्टर म्हणाले.

या माणसाने माझी अक्कलदाढ काढताना तासभर माझा हात धरून ठेवला होता. मी म्हटलं, "सर, तो व्हॉल्व्ह मी फिरवला."

कुणी हसलं नाही. मी सगळं सांगितलं, उजवीकडे फिरवल्यापासून हात पुसेपर्यंत. मोठ्या मनाचं तेवढं गाळलं. सरांनी ते शब्दशः लिहून घेतलं, शाळेत फळ्यावरचं उतरवून घ्यावं तसं, आणि वही मिटून म्हणाले, "कोरडे, आजपासून तुम्ही फक्त टॉवेल."

घरी तीन दिवस ही माझ्याशी कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात ती भांडी विसळत होती आणि मी पुसत होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मी खाली असताना घाबरले नव्हते."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

"श्वास अडला तेव्हाही नाही. काय करायचं ते माहीत होतं. बोटीत तुम्ही गप्प बसलात ना, तेव्हा घाबरले." तिने नळ बंद केला. "म्हटलं, हा माणूस हे आता घरीसुद्धा बोलणार नाही. मग मी याच्यासोबत पुढची वीस वर्षं काढायची कशी?"

मी बराच वेळ एकच ताटली पुसत राहिलो. माफ कर म्हणालो. ती म्हणाली, "ती कोरडी झाली. ठेवा आता."

दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या दुकानात गेलो आणि एक रिकामा, मोडीत काढलेला सिलिंडर मागून आणला. तो चपलांच्या मांडणीशेजारी उभा केला. घराबाहेर पडताना पन्नास वेळा आणि घरी आल्यावर पन्नास वेळा मी त्याचा व्हॉल्व्ह उघडायचो. डावीकडे उघडा, उजवीकडे बंद. तोंडाने म्हणायचोही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हिला विचारलं, "यांना कसला व्यायाम दिलाय का?" ही म्हणाली, "हो, मनगटाचा." ती दारात उभी राहून बघायची.

महिन्याने पुन्हा बोट निघाली. मी टॉवेल घेऊन लांब, नांगराच्या दोराजवळ बसलो होतो. सामान चढवून ही काठावर बसली आणि तिने हाक मारली, "अहो, इकडे या. उघडा."

सरांनी बोट वर केलं. ती म्हणाली, "सर, तपासणी व्हायची आहे अजून. उघडायचं काम यांचं. डॉक्टर नंतर तपासतील. नियम कुठे मोडतोय?" सरांनी थोडा विचार केला आणि बोट खाली घेतलं.

मी तिच्या मागे गेलो. "कुठल्या बाजूला?" तिने विचारलं. "डावीकडे," मी म्हटलं आणि फिरवला. तिने नळी तोंडात धरली, मीटर डोळ्यांसमोर आणलं आणि तीन खोल श्वास घेतले. काटा हलला नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, काट्याकडे बघत होती, आणि ते मला बरं वाटलं. मग डॉक्टरांनी तपासलं. मग ती गेली.

अडतीस मिनिटांनी ती वर आली. टॉवेल घेताना म्हणाली, "बुडालेल्या बोटीच्या पोटात एक मासा होता, अगदी तुमच्यासारखा. बिळातून तोंड काढून नुसता बघत होता. बाहेर काही आला नाही."

मी म्हटलं, "त्यालाही पोहता येत नसेल."

दुसरा दिवस सोमवार. पहाटे मी नेहमीसारखा जुन्या भागात गेलो, झाकण उचललं, चावी सोडली, फिरवली, अर्धा फेरा मागे घेतला आणि पुढच्या चौकात गेलो. अर्ध्या तासाने खात्यातून फोन सुरू झाले. जुन्या भागात कुणाच्या नळाला धार नाही. मी म्हटलं, शक्य नाही, माझा हात कधी चुकत नाही. तेवढ्यात हिचा फोन आला. आम्ही जुन्या भागातच राहतो.

"अहो, नळाला पाणी नाही. मला ड्यूटीवर जायचंय. काय केलंत?"

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, डोळे मिटले आणि हात पुन्हा तसाच फिरवून पाहिला.

"डावीकडे फिरवला," मी म्हटलं.

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "असू दे. सावकाश या," आणि तिने फोन ठेवला.